निवृत्तिवेतन, करदाता आणि डेट्रॉइट

निवृत्तिवेतन ही दया नव्हे. तो श्रमाचा राखून ठेवलेला मोबदला होय. अमेरिकेतील डेट्रॉइट हे कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेले शहर २०१३ साली दिवाळखोरीत गेले. मिशिगन राज्याच्या संविधानाचे निवृत्तिवेतनाला संरक्षण होते. तरी न्यायालयाने केंद्राचा दिवाळखोरी कायदा वरचढ ठरविला. २०१४ च्या योजनेत सामान्य कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन ४.५ टक्क्यांनी कापले गेले, वार्षिक महागाईवाढही गेली. त्याच काळात करआकारणीसाठी असंख्य घरांचे मूल्य संविधानाच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे बाजारभावाच्या निम्म्यापेक्षा, अधिक धरले गेले. हजारो घरे थकबाकीपोटी लिलावात निघाली. निवृत्त कामगार आणि करदाता यांना परस्परांविरुद्ध उभे केले जाते. पण तेथे दोघे अनेकदा एकाच घरात राहत होते. हिशेब चुकला सत्तेचा. वसुली झाली दुर्बळांकडून.