पिशवीवरचा नंबर बघा, दंड वाचवा



मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मुरबाड भागातल्या एका बचत गटाच्या रोपवाटिकेत गेलो होतो. काजूची कलमं, शेवगा, कढीपत्ता, रोपं कशी टवटवीत! पण बायांचे चेहरे उतरलेले. बाजारात तपासणी झाली, पिशव्या जप्त झाल्या, वर पाच हजारांची पावती. "साहेब, दुकानदार बोलला ही बायोची पिशवी, हिला बंदी नाय." पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. हिरवं पान छापलेलं, मोठ्या अक्षरात 'बायो', पण बनवणाऱ्याचं नाव नाही की नंबर नाही. जादा पैसे मोजून घेतलेली पिशवी कायद्याच्या लेखी साधं प्लास्टिकच ठरली. हंगामाची कमाई त्या पावतीत गेली.

तुमचं असं होऊ नये, म्हणून चार गोष्टी सांगतो.

सूट कुणाला आहे?

राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 रोजी निघाली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. मात्र रोपवाटिका, फळबाग आणि शेतीकामासाठी लागणाऱ्या कंपोस्टेबल, म्हणजे खत होणाऱ्या पिशव्यांना तिच्यात सूट ठेवलेली आहे. अटी दोन. पिशवी कोणत्या कामासाठी आहे ते तिच्यावर ठळक छापलेलं हवं, आणि बनवणाऱ्या-विकणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. या मालाचं भारतीय मानक आहे आयएस 17088. बनवणाऱ्याचं नाव आणि प्रमाणपत्राचा नंबर पिशवीवर असतो. तो नसेल तर पिशवी परत करा. प्रमाणपत्र काढायचं काम कारखानदाराचं, तुमचं काम फक्त बघून घ्यायचं आणि पक्कं बिल जपून ठेवायचं.

आणखी एक. ही पिशवी कुजते ती मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेत. बांधावर फेकली तर लगेच माती होईल, असं समजू नका.

पुडीत माल विकणाऱ्यांसाठी

शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेल मोठमोठ्या औषध कंपन्यांपर्यंत पोचवून दाखवली. आपला माल लांब जाऊ लागला, स्वतःच्या नावाने विकू लागलो, की पुडी आली आणि पुडीबरोबर नियमही आले. फेब्रुवारी 2022 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे, स्वतःच्या नावाने प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकणाऱ्याने तेवढं प्लास्टिक गोळा करून मार्गी लावायचं असतं. त्यासाठी नोंदणी, फी, दरवर्षीचा हिशेब. पण घाबरू नका. असे विक्रेते सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असतील, तर त्यांना यातून वगळलं आहे. पुरावा म्हणून उद्यम नोंदणीचा कागद लागतो. ती नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, दलालाला पैसे देऊ नका. 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो. आपले पापड-मसाल्याचे गट त्यात आरामात बसतात. मात्र ही सूट त्या जबाबदारीतून आहे, बंदीतून नाही. बंदी असलेली पिशवी वापरली तर दंड आहेच.

मोठ्या कंपनीला माल देत असाल तर

कंपनीने ठरलेलं प्लास्टिक गोळा केलं नाही, तर तिला पर्यावरण भरपाई भरावी लागते. राहिलेलं काम एका वर्षात पुरं केलं तर भरपाईचे 75 टक्के परत मिळतात, दोन वर्षांत 60, तीन वर्षांत 40, पुढे काहीच नाही. टणक प्लास्टिकचं वेष्टन पुन्हा पुन्हा वापरलं, तर तेवढं वजन तिच्या हिशेबातून वजा होतं. म्हणजे डबे, बरण्या धुऊन परत देणाऱ्या गटामुळे कंपनीचे पैसे वाचतात. भाव ठरवताना हे बोलून दाखवायला लाजू नका.

पळसाचं पान विसरू नका

1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायची प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे देशभर बंद झाले. लग्नसराईत जेवणावळी तर उठायच्याच. पानांच्या पत्रावळी-द्रोणांवर 2019 पासून जीएसटी शून्य आहे. त्याला ना मायक्रॉनची अट, ना मंडळाचं प्रमाणपत्र. पळस आपल्या रानात आहे, हात आपल्या घरात आहेत. गटाने लग्नाच्या तारखांआधी ऑर्डरी धरल्या तर उन्हाळ्याचे चार पैसे गाठीला राहतील.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती

गावातल्या प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी 2016 च्या नियमांनी ग्रामपंचायतीवर टाकली आहे. भातसा आणि तानसा धरणं आपल्या शहापुरात. ओहोळातून वाहिलेली पिशवी शेवटी त्याच पाण्यात जाते. दंडाची पावती फाडण्याआधी एका ग्रामसभेत खरी आणि खोटी अशा दोन्ही पिशव्या लोकांच्या हातात द्या, नंबर कुठे असतो ते दाखवा. पावतीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि तुम्ही, पुढच्या वेळी दुकानात पिशवी घेताना हिरव्या पानाच्या चित्राला भुलू नका. नंबर वाचा, मगच पैसे द्या.