सोय ही मेहेरबानी नव्हे

एका कारखान्यात प्रेसवर काम करताना आमच्या एका सभासदाच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. साहेब म्हणाले, "भरपाई घ्या आणि घरी बसा." आम्ही विचारले, बोटे गेली, वीस वर्षांची नजरही गेली काय? दोन महिने तिढा चालला. अखेर त्याला तयार माल तपासण्याच्या टेबलावर बसविले, मापाची हत्यारे डाव्या बाजूस मांडली, एक उंच स्टूल दिले. खर्च झाला तो स्टुलाचा!

यालाच कायदा 'वाजवी सोय' म्हणतो. मालकावर अवाजवी बोजा न टाकता कामात, जागेत वा साधनांत केलेला आवश्यक फेरबदल. कोणाला पायरीऐवजी उतार लागतो, कोणाला बोलणारा संगणक. म्हणून आधी त्या कामगारालाच विचारावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सरकारी आस्थापनांवर ही सोय बंधनकारक करते. नोकरीत अपंगत्व आले म्हणून माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे. तेही नसेल, तर जादा पद निर्माण करावे.

हे कलम खासगी मालकाला लागू नाही. सोयीसुविधांचे धोरण मात्र त्यालाही जाहीर करावे लागते. बाकीचे करारात मिळवावे लागते. पगारवाढीच्या घाईत ही मागणी आम्हीच कितीदा मागे ठेवली! तो दोष आमचा. पुढच्या मागणीपत्रात ती वर यावी.