भाड्याची खोली आणि आपले सामान

विमा म्हटले की आपल्याला प्रथम आयुर्विमाच आठवतो. आगीचा विमा हा गिरणीवाल्यांचा व गोदामवाल्यांचा विषय. खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणीही विचारील.

संबंध निश्चित आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात पुराचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा भिंती भिजल्या त्या घरमालकाच्या. पण भाड्याच्या खोलीतील गादी, पुस्तके, लॅपटॉप ही भाडेकरूची. घरमालकाने इमारतीचा विमा उतरविला असला, तरी त्यातून भाडेकरूच्या सामानाची भरपाई होत नाही. जी वस्तू नष्ट झाल्याने ज्याचे आर्थिक नुकसान होते, त्यालाच तिचा विमा उतरविता येतो. यालाच विमायोग्य हितसंबंधाचे तत्त्व म्हणतात. घरमालकाचे हित भिंतीत, आपले सामानात. (भाड्याला कन्नडमध्ये 'बाडिगे' म्हणतात; शब्द जवळचे असले तरी न्याय दोन्हीकडे एकच!)

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. ती इमारत वगळून केवळ घरातील सामानासाठीही घेता येते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी वा नळ फुटणे या आपत्ती तीत येतात. तिची एक गोष्ट मला विशेष वाटते. जुन्या पद्धतीच्या विम्यात सरासरीचे कलम असते. ६०,००० रुपयांच्या सामानाचा विमा ३०,००० चाच उतरविला आणि २०,००० चे नुकसान झाले, तर हाती १०,००० च पडतात. कारण निम्मा धोका आपणच पत्करला, असे मानले जाते. या पॉलिसीत हे कलम लावले जात नाही. अर्थात विमा रकमेपेक्षा जास्त भरपाई मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मात्र खोलीत राहणाऱ्याला खरी भीती असते चोरीची, आणि नेमकी तीच येथे तोकडी पडते. विमा असलेल्या आपत्तीमुळे, आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच भरपाई मिळते. पूर आला, दार मोडले, मागाहून कोणी शेगडी उचलली, एवढ्यापुरतेच. एरवीच्या घरफोडीसाठी निराळे संरक्षण घ्यावे लागते. त्यातही कुलूप वा दार फोडल्याची खूण बहुधा मागितली जाते. दार उघडे टाकून मेसला गेलेल्याने तेथे आशा ठेवू नये. लॅपटॉप घेऊन बसने गावी निघालो, तर खोलीबाहेर नेलेल्या वस्तूलाही हे संरक्षण लागू नाही.

दावा करताना सर्वेक्षक मालकीचा पुरावा पाहतो. म्हणून बिले व वस्तूंवरील क्रमांक यांची नोंद खोलीबाहेर कोठेतरी असावी. रोख रक्कम, वाहन आणि कोणतीही कागदपत्रे, खास उल्लेख नसेल तर, या पॉलिसीत येतच नाहीत. म्हणजे गुणपत्रिकाही नाहीत. त्या गावी आईच्या ट्रंकेत असलेल्याच बऱ्या.