विटी कुणाची, डोळा कुणाचा?

मी सात-आठ वर्षांचा असताना वाड्याच्या चौकात विटीदांडू खेळत होतो. मी टोलवलेली विटी शेजारच्या आजींच्या भुवईवर बसली. डोळा थोडक्यात वाचला. वडिलांनी मला धपाटा घातला आणि औषधपाण्याचा खर्च दिला. ‘पोर आहे, त्याला काय कळतंय’ म्हणून आजींनी विषय संपवला. मी कायद्याचा पदवीधर नाही. पण चूक नेमकी कुणाची, हा प्रश्न मला पुढे कायद्याच्या पुस्तकांपर्यंत घेऊन गेला.

आधी एक गल्लत दूर करू. शिक्षा वेगळी, भरपाई वेगळी. शिक्षेबाबत आपला कायदा स्पष्ट आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ८२ प्रमाणे सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हाच ठरत नसे. सात ते बारा या वयात मुलाची समज किती पक्व आहे, हे कलम ८३ प्रमाणे पाहिले जाई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २० व २१ मध्ये आले आहे.

खरा पेच भरपाईचा. ऑस्ट्रेलियातील मॅकहेल विरुद्ध वॉटसन हा १९६६ चा खटला माझ्या विटीची आठवण करून देतो. बारा वर्षांच्या मुलाने धार लावलेला धातूचा तुकडा लाकडी खांबाकडे फेकला. तो एका मुलीच्या डोळ्यात गेला. न्यायालयाने मुलाला मोठ्यांचा नव्हे, त्याच्या वयाच्या मुलांचा मापदंड लावला आणि त्याला जबाबदार धरले नाही. मुलीचा डोळा मात्र गेलाच.

न्यूयॉर्कमध्ये २०१० साली न्यायमूर्ती पॉल वूटन यांनी वेगळी वाट धरली. मॅनहॅटनच्या पदपथावर छोट्या सायकलींची शर्यत लावणाऱ्या मुलांची धडक ८७ वर्षांच्या वृद्धेला बसली होती. त्यांतली मुलगी पाच वर्षांचीही नव्हती. तेथे चार वर्षांखालील मूल निष्काळजी ठरूच शकत नाही. ही मुलगी त्या रेषेच्या थोडी पुढे होती. म्हणून तिच्यावरचा दावा चालू शकतो, एवढेच न्यायाधीशांनी ठरवले. ती दोषी आहे, असे नव्हे.

फ्रान्सचा धडा सर्वांत कठोर आहे. रस्ता ओलांडताना मोटारीखाली मेलेल्या पाच वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांची भरपाई, चूक तिचीही होती म्हणून, निम्मी करण्यात आली. ९ मे १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पण पुढच्याच वर्षी तेथे कायदा झाला: वाहन-अपघातात जखमी झालेल्या सोळा वर्षांखालील मुलाने मुद्दाम इजा ओढवून घेतली नसेल, तर त्याची चूक त्याच्याविरुद्ध धरता येत नाही.

जर्मनीत सात वर्षांखालील मुलावर भरपाईची जबाबदारी नाही. मोटारींच्या अपघातांसाठी ही मर्यादा २००२ पासून दहा वर्षे आहे. वेग आणि अंतर यांचा अंदाज लहान मुलांना नीट येत नाही, हे त्यामागचे कारण.

माझे मत असे: कोवळ्या मुलाला जबाबदार धरल्याने काहीच साधत नाही. त्याच्याकडे पैसा नसतो आणि धडा घेण्याइतकी समजही नसते. पण म्हणून जखमी माणसाला वाऱ्यावर सोडणे हा न्याय नव्हे. म्हणून पहिला प्रश्न ‘मुलाने काय केले?’ हा नसावा; ‘त्या वेळी मोठी माणसे काय करत होती?’ हा असावा. आपल्याकडे केवळ पालक आहेत म्हणून आईवडील भरपाईला बांधील होत नाहीत; त्यांची स्वतःची हयगय दाखवावी लागते. हयगय नसतानाही इजा होते, तेव्हा विम्यासारखी सोय हवी.

त्या दिवशी चौकात चार मोठी माणसे गप्पा मारत बसली होती. ‘आजी येताहेत, थांबा रे’ असे एकाही तोंडून निघाले नाही. धपाटा मात्र मला एकट्याला मिळाला.