वैज्ञानिक पायथॉनची स्थापना

'वैज्ञानिक पायथॉन' ही संज्ञा पायथॉन या संगणकीय भाषेतून वापरता येणाऱ्या, वैज्ञानिक गणनेसाठीच्या मुक्त स्रोत लायब्ऱ्यांच्या संचासाठी योजली जाते. नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब, पांडाज व ज्युपिटर हे या संचाचे प्रमुख घटक होत. हे सर्व घटक विनामूल्य असून विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तिन्ही संचालन प्रणालींवर चालतात. मात्र ते संगणकावर बसविण्याची रीत प्रणालीनुसार बदलते. स्थापनेत येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ पायथॉन भाषेत नसून तिच्याखाली काम करणाऱ्या सी, सी++ व फोरट्रान या भाषांतील भागांत असते.

अडचणीचे स्वरूप

पायथॉनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम इंटरप्रिटरकडून वाचला जातो, त्यामुळे तो सहसा कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा चालतो. परंतु लक्षावधी आकड्यांवरील गणनेसाठी ही रीत संथ ठरते. म्हणून नमपायचा गाभा सी भाषेत लिहिलेला आहे, तर सायपायमध्ये सी, सी++ व फोरट्रान या भाषांचा वापर झालेला आहे. अशा भागांचे कंपायलरच्या साहाय्याने यंत्रभाषेत रूपांतर करावे लागते आणि हे रूपांतर विशिष्ट प्रोसेसर, विशिष्ट संचालन प्रणाली व बहुधा पायथॉनची विशिष्ट आवृत्ती यांपुरतेच उपयोगी पडते.

उदाहरणार्थ, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पर्जन्यमान घेता येईल. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात सह्याद्रीमुळे मुसळधार पाऊस पडतो, तर कर्जत, जामखेड, श्रीगोंदा हे तालुके पर्जन्यछायेत येतात. पर्जन्यमापकांच्या अनेक वर्षांच्या दैनंदिन नोंदींवरून तालुकानिहाय सरासरी काढणारा छोटासा प्रोग्रॅम तिन्ही प्रणालींवर अक्षरशः एकच असतो. त्यासाठी लागणारी पांडाज ही लायब्ररी मात्र प्रत्येक प्रकारच्या संगणकासाठी वेगळी बांधलेली असावी लागते.

इतिहास

पायथॉन भाषा गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. सायपायचा आरंभ २००१ मध्ये झाला. मॅटप्लॉटलिब जॉन हंटर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांच्या प्रयत्नांतून नमपायची १.० ही आवृत्ती २००६ मध्ये आली. वेस मॅकिनी यांनी पांडाजचे काम २००८ मध्ये सुरू केले.

आरंभीच्या काळात या लायब्ऱ्या मूळ संकेतापासून बांधाव्या लागत. लिनक्सवर त्यासाठीचे कंपायलर सहज मिळत. विंडोजवर फोरट्रानचा योग्य कंपायलर मिळविणे हेच मोठे काम होते. या अडचणीवर दोन उपाय पुढे आले. पहिला म्हणजे कोंडा ही पॅकेज व्यवस्था व तिच्यावर आधारलेला अॅनाकोंडा हा तयार संच (२०१२). दुसरा म्हणजे 'व्हील' या नावाने ओळखले जाणारे, आधीच बांधून ठेवलेल्या पॅकेजचे स्वरूप. लिनक्सच्या विविध वितरणांवर चालू शकणाऱ्या व्हीलचे मानक २०१६ मध्ये ठरले आणि ऑक्टोबर २०१७ मधील सायपाय १.० या आवृत्तीपासून विंडोजसाठीची अधिकृत व्हील उपलब्ध झाली.

पिप व कोंडा

पिप हे पायथॉनसोबत येणारे स्थापनेचे साधन आहे. ते संगणकाला अनुरूप व्हील शोधते. व्हीलच्या फाईलनावातच पायथॉनची आवृत्ती, संचालन प्रणाली व प्रोसेसर यांचा उल्लेख असतो. अनुरूप व्हील न मिळाल्यास पिप मूळ संकेत उतरवून घेते व तो बांधण्याचा प्रयत्न करते. कोंडा पायथॉनच्या पॅकेजांबरोबरच त्यांना लागणाऱ्या सी व फोरट्रान लायब्ऱ्या आणि स्वतः पायथॉनदेखील बसविते. अॅनाकोंडा कंपनीच्या पॅकेज भांडारासाठी मोठ्या संस्थांना परवान्याच्या अटी लागू होतात. स्वयंसेवकांनी चालविलेले कोंडा-फोर्ज हे भांडार व त्यावर आधारलेला मिनीफोर्ज हा लहान संच हा त्याला पर्याय आहे.

संचालन प्रणालीनुसार पद्धती

विंडोज : पायथॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरील ६४ बिट आवृत्ती बसवून त्यानंतर पिपचा वापर करणे ही सरळ पद्धत होय. स्थापनेच्या वेळी पायथॉनचा मार्ग प्रणालीच्या 'पाथ' या नोंदीत समाविष्ट करण्याचा पर्याय न निवडल्यास आज्ञा ओळखली जात नाही. 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ आवश्यक आहे' असा संदेश आल्यास अनुरूप व्हील सापडले नाही, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. पायथॉनची आवृत्ती अगदी नवी असणे किंवा ३२ बिट असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. अशा वेळी कंपायलर बसविण्याऐवजी पायथॉनची योग्य आवृत्ती निवडणे सोपे ठरते. विंडोज ७ वर पायथॉन ३.८ च्या पुढील आवृत्त्या चालत नाहीत. वापरकर्त्याच्या फोल्डरचे नाव देवनागरीत असल्यास किंवा त्यात मोकळी जागा असल्यास काही साधने अडखळतात. म्हणून मार्गात केवळ रोमन अक्षरे ठेवणे सुरक्षित असते.

मॅकओएस : पायथॉनच्या संकेतस्थळावरील संच, होमब्रू किंवा मिनीफोर्ज यांपैकी एकाचा वापर केला जातो. २०२० च्या अखेरीपासून अॅपलने इंटेलऐवजी स्वतःचे प्रोसेसर वापरण्यास प्रारंभ केला. नव्या यंत्रावर इंटेलसाठीचे पायथॉन बसविल्यास पॅकेजेही इंटेलचीच येतात. दोन्ही प्रकारांची सरमिसळ झाल्यास लायब्ररी उघडत नाही.

लिनक्स : डेबियन व उबुंटूमध्ये 'एपीटी' या साधनाने नमपाय, सायपाय इत्यादी पॅकेजे थेट मिळतात. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही डेबियनवर आधारित आहे. प्रणालीची स्वतःची काही साधने पायथॉनवर अवलंबून असल्याने डेबियन १२ (२०२३) पासून पिपद्वारे प्रणालीच्या पायथॉनमध्ये थेट बदल करण्यास प्रतिबंध आहे. अशा ठिकाणी आभासी परिसराचा वापर करावा लागतो.

आभासी परिसर

आभासी परिसर म्हणजे एका कामापुरता वेगळा ठेवलेला पायथॉनचा संच होय. पायथॉन ३.३ पासून त्यासाठी 'व्हेन्व्ह' हे साधन भाषेसोबतच मिळते. एका प्रकल्पाला नमपायची जुनी आवृत्ती व दुसऱ्याला नवी लागत असल्यास दोन्ही परस्परांना धक्का न लावता नांदतात. स्थापना बिघडल्यास तेवढाच परिसर पुसून नव्याने तयार करता येतो. पॅकेजांची आवृत्तीसह यादी फाईलमध्ये जतन केल्यास दुसऱ्या संगणकावर तोच संच पुन्हा उभारता येतो.

मर्यादित इंटरनेट असलेल्या ठिकाणची स्थापना

ग्रामीण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एकाच जोडणीवरून अनेक संगणकांनी एकाच वेळी पॅकेजे उतरविणे व्यवहार्य नसते आणि स्थापना अपुरी राहिल्यास प्रात्यक्षिकाचा तासच वाया जातो. 'पिप डाउनलोड' या आज्ञेने सर्व व्हील व त्यांना लागणारी पॅकेजे एका फोल्डरमध्ये साठविता येतात. तो फोल्डर पेन ड्राइव्हवरून अन्य संगणकांवर नेऊन, इंटरनेटवर शोध न घेता केवळ त्या फोल्डरमधून स्थापना करण्याची सूचना पिपला देता येते. मात्र पॅकेजे उतरविणारा संगणक व अन्य संगणक यांची संचालन प्रणाली, प्रोसेसरचा प्रकार आणि पायथॉनची आवृत्ती सारखी असणे आवश्यक असते. अन्यथा उतरविताना अपेक्षित प्रणाली स्पष्ट नमूद करावी लागते.

महाराष्ट्रातील वापर व प्रशिक्षण

आयआयटी मुंबईतील फॉसी हा प्रकल्प शिक्षणात पायथॉनसह मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या प्रसाराचे कार्य करतो. तेथीलच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे काही पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. मायावी या त्रिमितीय आलेखनाच्या लायब्ररीचे निर्माते प्रभू रामचंद्रन हे याच संस्थेत प्राध्यापक आहेत.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आहे. तिच्या निरीक्षणांच्या विश्लेषणासाठी वापरले जाणारे 'कासा' हे पायथॉनवर आधारित सॉफ्टवेअर लिनक्स व मॅकओएससाठीच प्रसिद्ध होते. विंडोज वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यासाठी विंडोजमध्येच लिनक्स चालविण्याची 'डब्ल्यूएसएल' ही सोय किंवा आभासी यंत्र वापरता येते.

स्थापनेची पडताळणी

स्थापनेनंतर पायथॉन सुरू करून प्रत्येक लायब्ररी आयात करणे व तिची आवृत्ती छापून पाहणे ही प्राथमिक चाचणी होय. लायब्ररी सापडत नसल्याचा संदेश आल्यास पिपने ती दुसऱ्याच पायथॉनमध्ये बसविलेली असू शकते. म्हणून पिपची आज्ञा अपेक्षित पायथॉनमार्फतच देणे श्रेयस्कर ठरते. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. त्यामुळे आलेखावर तालुक्यांच्या नावांऐवजी चौकोन दिसल्यास तो स्थापनेतील दोष नसून देवनागरी फाँट निवडण्याची गरज असते.

हेही पाहा

पायथॉन (संगणकीय भाषा)
मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
लिनक्स
जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप