वाघ ‘भरकटत’ नाही

विदर्भातला वाघ मराठवाड्यात दिसला की मथळा ठरलेला असतो: ‘वाट चुकलेला वाघ गावात’. पाठोपाठ मागणी येते, पकडा आणि जंगलात परत नेऊन सोडा. किती वेळा सांगायचं? तो वाट चुकलेला नसतो. दीड-दोन वर्षांचा नर आईची हद्द सोडतोच, कारण तिथे मोठा नर आधीच ठाण मांडून असतो. परत आणून सोडलात तरी तो पुन्हा निघणार.

विदर्भातलं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तिथल्या एका तरुण नराला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. तो पावसाळ्याच्या तोंडावर निघाला आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणा पालथा घालत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर १,३०० किलोमीटरहून जास्त चाल झाली होती. वाटेत सलग जंगल नव्हतंच. होती ती कापसाची शेतं, रस्ते आणि नाल्याकाठचा झाडोरा. दिवसा आडोशाला पडून राहायचं, रात्री चालायचं.

म्हणून नुसतं अभयारण्य मोजून भागत नाही. जंगल, शेत, ओढा, रस्ता, गाव या सगळ्यांची मांडणी एकत्र पाहणारं शास्त्र म्हणजे भूदृश्य परिसंस्थाशास्त्र. जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल यांनी १९३९ मध्ये हवाई छायाचित्रांच्या अभ्यासातून ही संकल्पना मांडली. जंगलांना जोडणाऱ्या वाटांचा उपयोग काय, अशी शंका असेल तर २०१३चा एक शोधनिबंध पाहा. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाटातल्या वाघांची जनुकं तपासली, तेव्हा मधले जंगलपट्टे शाबूत आहेत तिथे वाघांची देवाणघेवाण चालू असल्याचं दिसलं. पट्टा तुटला की उरतात बेटं, आणि बेटावर नात्यातच प्रजनन होत राहतं.

‘महामार्गाखालच्या वाटा जनावरं वापरत नाहीत’ हेही खोटं. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावले. २०१९ मध्ये त्यांत १८ जातींचे प्राणी टिपले गेले. ११ वाघ मिळून ८९ वेळा तिथून गेले.

‘माळरान म्हणजे पडीक जमीन’? मग लांडगा, काळवीट, चिंकारा राहतात कुठे? तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावलं की हिरवळ दिसते, पण गवत जातं आणि गवतावर जगणारे जातात.

‘झाडं वाढली म्हणजे जंगल वाढलं’? सागाच्या एकसुरी लागवडीत हिंडून पाहा, पक्ष्यांचे किती वेगवेगळे आवाज कानावर येतात ते मोजा.