तोल जाण्याआधी नोंद

ऊस लागणीच्या नोंदीसाठी आम्ही तुमच्या मागं लागतो. आज नोंद घरच्या वडीलधाऱ्यांच्या चालीची!

कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, पाऊल घासतं, वळताना तोल जातो. पडून खुबा मोडला तर हिंडतं-फिरतं माणूस अंथरुणाला खिळतं.

स्मार्टफोनमध्ये हालचाल मोजणारी यंत्रणा असते. फोन कमरेला बांधून चाललं की पावलांची लय, वळायला लागणारा वेळ टिपता येतो. त्यावरून पडण्याचा धोका आधीच ओळखण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत.

पण फोन माणसाला सावरत नाही. तेव्हा केव्हा, कुठं, औषधानंतर किती वेळानं तोल गेला, ते वहीत लिहा नि डॉक्टरांना दाखवा. "वय झालं" म्हणून सोडू नका. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना नि घरच्यांना आधार देतं; तिथं जरूर विचारा.